चार मिलिमीटरचा पत्रा

१

जुनी गाडी बघायला जायचं तर सकाळी लवकर जावं, इंजिन गार असताना. आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर समजावं, मालकाने आपल्या आधी येऊन तिला उठवलंय, म्हणजे गार असताना ती उठत नाही. तिथून आल्या पावली परत फिरावं. ऑइलचं झाकण उघडून बघावं. आतून सायीसारखा पांढरा चिकटा दिसला तर इंजिनात पाणी उतरतंय. पत्रा बोटाच्या गाठीने ठोकावा. खणखणीत वाजला तर कंपनीचा, बद्द वाजला तर आत पुट्टी भरलेली. आणि किलोमीटरच्या काट्यावर काडीचाही विश्वास ठेवू नये, तो मागे फिरवायला दहा मिनिटं लागतात. त्यापेक्षा पेडलची रबरं बघावीत. गाडी किती चालली ते तिथे लिहिलेलं असतं.

हे सगळं गॅरेजवाला मेस्त्री, उस्ता रिफअत, गेली तीस वर्षं तंता शहरात विचारील त्याला आणि न विचारील त्यालाही सांगत होता. शुक्रवारच्या गाडीबाजारात आपला उस्ता बरोबर नेल्याशिवाय शहाणा माणूस गाडी घेत नसे. उस्ता पत्रा ठोकायचा, कान लावायचा, गाडीखाली आडवा व्हायचा आणि शेवटी उठून कपडे झटकत एवढंच म्हणायचा, "माझ्या जबाबदारीवर." हे शब्द तोंडातून गेले की पुढे काहीही निघालं तरी दुरुस्ती त्याने स्वतःच्या हाताने करून द्यायची, असा तिथला रिवाज. रिफअतने आजवर ते शब्द फार जपून वापरले होते.

त्या शुक्रवारी तो स्वतःच्या मुलीसाठी गेला होता. नहला सव्वीस वर्षांची, नर्स. नेमणूक चाळीस किलोमीटरवरच्या कफ्र सुलैमा गावच्या दवाखान्यात. रस्ता सगळा कालव्याच्या कडेने. रोज पहाटे ती चौदा माणसं कोंबलेल्या मायक्रोबसने जायची. गेल्या हिवाळ्यात धुक्यात ती मायक्रोबस कालव्यात गेली. नहलाला त्या दिवशी उठायला उशीर झाला म्हणून ती वाचली. बायको गेल्यापासून रिफअतला ही एवढी एकच मुलगी होती. त्या सकाळी तिला दारात जिवंत उभी बघून तो वसकन ओरडला, "एवढा उशीर करतात का कुठे!" आणि मग न्हाणीघरात जाऊन रडला.

गाडी पांढरी, छोटी, एकोणीस वर्षं जुनी. मालक लमई म्हणून एक निवृत्त भूगोल मास्तर. रिफअतने दोन तास तिचा कीस काढला. बॉनेट गार. झाकण स्वच्छ. पत्रा चारही बाजूंनी खणखणीत. पेडलची रबरं काट्याशी जुळणारी. शेजारच्या सीटवर तर शोरूमचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं, एकही चुरगळ नसलेलं. अशी गाडी दहा वर्षांत एखादी दिसते. त्याच्या तोंडापर्यंत शब्द आलेच होते, तेवढ्यात त्याने सवयीने शेजारच्या सीटपुढची सतरंजी उचलली.

खालचं कार्पेट झिजून भोक पडलं होतं. भोकातून गाडीचा पत्रा दिसत होता आणि तोही घासून घासून चकचकीत झालेला. तळहाताएवढा डाग. जवळून पाहिलं तर त्यावर बारीक नागमोडी रेघा होत्या. डावीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला जिथे ब्रेक असतो, बरोबर त्या जागी. पण या बाजूला ब्रेक नव्हता.

"शेजारी कोण बसायचं, मास्तर?"

"कोणी नाही. मी एकटा माणूस. प्लास्टिक दिसतंय की."

"मग हे काय?"

लमई मास्तरांनी वाकूनही पाहिलं नाही. "ते आहे बरीच वर्षं," ते म्हणाले. "ब्रेक मात्र फार चांगले आहेत हं तिचे. मी इतका वेंधळा चालवणारा, पण एकोणीस वर्षांत कुठे खरचटलं नाही."

"पोरी," रिफअत नहलाला म्हणाला, "माझ्या जबाबदारीवर."

डागाबद्दल तो तिला काही बोलला नाही. तीस वर्षांच्या धंद्यात ज्याचं कारण सांगता येत नाही अशी झीज त्याने पाहिली नव्हती, आणि मुलीसमोर तसं कबूल करायची त्याला लाज वाटली. परतताना त्याने एक जाड रबरी मॅट विकत घेतली आणि ती डागावर टाकली.

२

त्याने नहलाचा लहानपणचा एक बूट, जपून ठेवलेला, मागच्या बंपरखाली लटकवला. दृष्ट लागू नये म्हणून सगळेच लटकवतात. सुरुवातीचे आठ दिवस तो रोज तिच्या शेजारी बसून गेला. ती चांगली चालवायची. पण समोरून ट्रक आला की याचा उजवा पाय आपोआप मॅटवर दाबला जायचा.

"बाबा, तिथे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे मला."

"मग कशाला दाबताय? गाडीचा तळ फुटेल आणि दोघं पायाने पळवत नेऊ."

"तू समोर बघ. बापाची थट्टा मागाहून कर."

दीड महिन्याने पुढच्या चाकातून किरकिर ऐकू यायला लागली. रिफअतने चाक काढलं. उजव्या, म्हणजे शेजारच्या सीटच्या बाजूचे ब्रेक पॅड संपून लोखंडावर आले होते. डावे जवळजवळ कोरे. यात काही भुताटकी नव्हती. एका बाजूचे पॅड लवकर झिजले की नव्याण्णव वेळा कॅलिपरचा पिस्टन अडकलेला असतो. त्याने पिस्टन काढून घासला, नवे सील बसवले, पॅड टाकले. महिन्याभरात ते संपले. म्हणजे मग ब्रेकचा होज पाइप. जुना होज आतून सुजतो, ऑइल पुढे जातं पण मागे येत नाही आणि ब्रेक लागलेलाच राहतो. त्याने दोन्ही बाजूंचे होज बदलले, ऑइल बदललं, हवा काढली. तीन आठवड्यांत पॅड पुन्हा संपले.

"ब्रेक जरा फारच हलके झालेत, बाबा," नहला म्हणाली. ती जेवता जेवता सांगत होती. "आज बरसीम गवताच्या शेतातून म्हैस एकदम रस्त्यावर आली. मी पाय ठेवायच्या आत गाडी थांबली. अक्षरशः आत."

"तूच ठेवलास. घाबरल्यावर आठवत नाही माणसाला."

"असेल. परवा त्या ट्रॅक्टरच्या वेळीही आठवलं नाही मला."

तिने कोशारीच्या ताटात लिंबू पिळलं आणि विषय संपला. रिफअतने मात्र ताट बाजूला सारलं. तो उठून खाली गेला, गाडीचं दार उघडलं आणि मॅट उचलली. नवी कोरी जाड मॅट. तिच्यात मधोमध भोक पडायला आलं होतं. सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं.

आठ दिवस आपण बसलो होतो, त्याने स्वतःला समजावलं. आपण दाबत होतो. रबर हलक्या प्रतीचं असणार, बाजारात आजकाल सगळं तसलंच मिळतं. स्वतःची ही समजूत त्याला पटली नाही, पण त्या रात्रीपुरती ती पुरली.

३

रिफअतच्या गॅरेजसमोर शिहाता चांभाराचं दुकान होतं. दोघांची चाळीस वर्षांची ओळख, त्यामुळे एकमेकांशी सरळ बोलायची पद्धत राहिली नव्हती. जानेवारीत रिफअत त्याच्याकडे कामाचे बूट घेऊन गेला.

"डावा धडधाकट आणि उजव्याचा तळ गायब," शिहाता बूट उलटासुलटा करत म्हणाला. "गॅरेजात एका पायावर नाचतोस की काय रे?"

"तुझं चामडं बोगस आणि वर मलाच विचार."

"माझं चामडं दोन्ही पायांना एकच होतं, मेस्त्री."

रिफअतच्या गॅरेजात स्कूटरचा फाटका टायर पडला होता. त्याचाच तुकडा कापून त्याने शिहाताला दिला, म्हणजे पुन्हा पुन्हा यायला नको. शिहाताने तो बुटाला डिंकाने चिकटवला आणि वर तीन खिळे मारले. तिसरा खिळा वाकला. तो काढून नीट मारायचा शिहाताने कंटाळा केला आणि तसाच ठोकून सपाट केला. "कोण बघायला येतंय तुझे तळवे," तो म्हणाला.

नव्या तळाचं रबर बरं होतं. ओल्या फरशीवर घसरत नव्हतं. रिफअत दिवसभर त्या पायाचे नागमोडी ठसे गॅरेजभर उमटवत फिरला आणि त्याच्या काही लक्षात आलं नाही.

४

त्याच्या पुढच्या शुक्रवारी पॅड पाचव्यांदा संपले. शनिवारी नहलाला गाडी हवी होती. म्हणून रिफअत जुम्म्याच्या नमाजाला गेला नाही. सगळी गल्ली मशिदीत होती. हातोडे बंद, ग्राइंडर बंद, रेडिओसुद्धा बंद. त्याने शटर अर्धं ओढलं, गाडी खड्ड्यावर घेतली, हँडब्रेक ओढला, चारी दारं लावली आणि पायऱ्या उतरून खाली गेला.

खालून त्याने ब्रेकच्या नळ्या हाताने चाचपल्या. कुठे गळती नाही, कुठे चेपलेली नाही. मग त्याची मान वर गेली. शेजारच्या सीटपुढच्या पत्र्याला एक बारीक छिद्र पडलं होतं, मसुरीएवढं. घासून घासून मॅट आणि पत्रा दोन्ही अखेर फाटले होते. गाडीच्या काचेतून आलेलं दुपारचं ऊन त्या छिद्रातून सुईसारखं खाली येत होतं आणि त्याच्या बाहीवर त्याचा एक गोल ठिपका पडला होता.

तो ठिपका गेला.

रिफअत थांबला. ढग असेल, त्याला वाटलं. ठिपका परत आला. मग पुन्हा गेला. वर गाडीचा पत्रा किंचित कुरकुरला, वजन पडल्यावर कुरकुरतो तसा, आणि उजव्या चाकाशी पॅड डिस्कवर बसल्याचा आवाज आला. हलका, दमदार. हा आवाज त्याने आयुष्यात लाखभर वेळा ऐकला असेल. मग पॅड सुटले. ठिपका परत आला.

गल्लीतलं कोणी पोर आत शिरलं असेल, तो मनात म्हणाला. पण दारं त्यानेच लावली होती आणि किल्ली त्याच्या खिशात होती. पायरीवर चढून त्याने चेहरा त्या छिद्राच्या अगदी जवळ नेला आणि हातातली बॅटरी वर धरली.

छिद्रावर काळं रबर आलं. बॅटरीच्या उजेडात एका बोटाएवढ्या अंतरावर त्याला नागमोडी रेघा दिसल्या. रबर जरासं सरकलं, जोर लावायला नीट बसलं, तेव्हा छिद्रापाशी एक खिळा आला. वाकडा, ठोकून सपाट केलेला.

रिफअतने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही बूट पायात होते.

हा तळ त्याने मागच्या आठवड्यात बसवून घेतला होता. पत्र्यावरच्या त्या रेघा त्याने सप्टेंबरात, बाजारात पाहिल्या होत्या. या दोन गोष्टी तो खड्ड्यात उभा राहून एकमेकींना जोडत राहिला, पण त्या जुळेनात. नमाज सुटून गल्लीत माणसांचे आवाज येईपर्यंत तो तिथून हलला नाही. मग त्याने वर येऊन दार उघडलं. आत कोणी नव्हतं. प्लास्टिकला एकही सुरकुती नव्हती.

५

दुसरा कोणी असता तर त्याने गाडी विकली असती. रिफअतनेही तासभर तोच विचार केला. पण मग नहला पुन्हा मायक्रोबसमध्ये बसणार होती. शिवाय शब्द त्याने दिला होता, आणि त्याच्या शब्दाची दुरुस्ती त्यानेच करायची होती. जे काय त्याच्या मुलीच्या शेजारी बसून त्याचा बूट घालून पाय दाबत होतं, ते त्याला तिच्याजवळ नको होतं. ट्रकच्या हौद्यासाठी आणलेला चार मिलिमीटरचा पत्रा त्याच्याकडे पडून होता. त्याने तो मापात कापला, कार्पेट सोलून काढलं आणि चारही बाजूंनी अखंड वेल्डिंग मारलं. अशा कामाला कोणी एवढं वेल्डिंग मारत नाही, चार टाके पुरतात. वर त्याने गंजरोधक रंग दिला आणि नवी मॅट टाकली.

पॅड टिकले. एक महिना गेला, दीड गेला. रिफअत चाक काढून बघायचा आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की त्याला स्वतःचा अभिमान वाटायचा.

"आता गाडी शहाण्यासारखी वागते," नहला म्हणाली. "पाय ठेवला की थांबते, नाही ठेवला की नाही."

"कोणाचा हात लागलाय?"

"हो हो, उस्ता रिफअत, तंतात असा दुसरा नाही. मीठ द्या इकडे."

एक गोष्ट मात्र नवी झाली. सकाळी सात ते आठ त्याचा उजवा तळवा दुखायचा. दगडावर जोराने पाय मारत राहिल्यासारखा. नेमका नहलाच्या रस्त्याचा वेळ. आठला ती दवाखान्यात पोचली की दुखणं जायचं. शिहाता म्हणाला, खिळा टोचत असेल. रिफअतने हात घालून पाहिलं. खिळा टोचत नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी धुकं इतकं उतरलं की गॅरेजातून शिहाताचं दुकान दिसेना. सव्वासातला रिफअतच्या तळव्यातून अशी कळ गेली की त्याच्या हातातला चहाचा ग्लास पडला. तो खुर्चीत बसला. म्हैस, ट्रॅक्टर, वेंधळे लमई मास्तर आणि एकोणीस वर्षं न खरचटलेली गाडी. हे सगळं त्याच्या डोक्यात एका ओळीत उभं राहिलं. त्याने काय बंद केलं होतं ते त्याला तेव्हा कळलं. त्याने नहलाला फोन लावला.

"बाबा, काही दिसत नाहीये हो. बॉनेटसुद्धा नीट दिसत नाही."

"थांब. आहेस तिथे थांब."

"कालव्यावर कुठे थांबू? मागून येऊन कोणीतरी आदळेल. हळूच जातेय. दोन्ही हात लागतात, फोन बाजूला ठेवते. बंद नका करू. बोलत राहा तुम्ही, बरं वाटतं."

फोन शेजारच्या सीटवर ठेवल्याचा आवाज आला. त्याच्यापाठोपाठ प्लास्टिक चुरगळल्याचा आवाज आला. हळू, लांबलचक, जड माणूस सावरून बसताना येतो तसा.

"नहला," तो म्हणाला. "नहला, कडेला घे."

"अहो बाबा, कडेला कालवा आहे," ती लांबून हसली.

मग त्याला ठोके ऐकू आले. लोखंडावर रबराचे. एक, मग दुसरा, मग घाईघाईने, एकावर एक. आणि त्याच्या लक्षात आलं की खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय गॅरेजच्या फरशीवर त्याच तालात आपटतोय. समोरून ट्रकचा भोंगा वाजला, खूप जवळून. रिफअतने दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि सगळ्या अंगाचा जोर त्या पायात घातला, गुडघा कटकन मोडेपर्यंत. फरशी कुठेच दबली नाही.

६

नहलाला पुरून सहा दिवस झाल्यावर तो लंगडत पोलिसांच्या आवारात गाडी बघायला गेला. लोकांनी समजावलं होतं, जाऊ नकोस. धुक्यात त्या दिवशी सात गाड्या आदळल्या होत्या, त्यात तुझा काय दोष, असंही सगळे म्हणत होते. लमई मास्तर मयतीला आले होते. त्यांनी रिफअतचा हात धरला, हळूच विचारलं, "ब्रेक लागला नाही?" आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून हात सोडून दिला.

ड्रायव्हरच्या बाजूला बघवत नव्हतं. तो उजवीकडून, शेजारच्या सीटच्या बाजूने गेला. मागच्या बंपरखाली तो छोटा बूट अजून लटकत होता. दार उघडलं. सीटवरचं प्लास्टिक फाटलं होतं, आतपर्यंत. त्याने मॅट उचलली.

रंग गेला होता. चार मिलिमीटरचा पत्रा मधोमध वाटीसारखा खाली दबला होता आणि आरशासारखा चमकत होता. त्यावर नागमोडी रेघा होत्या, तीन खिळ्यांचे तीन ठिपके होते, तिसरा वाकडा. रिफअत गुडघ्यावर बसला. कुठूनतरी खालचा उजेड दिसतोय का, म्हणून त्याने डोकं वाकवून पाहिलं. दिसत नव्हता. त्याने कडेकडेने बोट फिरवलं, तीस वर्षं फिरवलं तसं, चारही बाजूंनी.

वेल्डिंग कुठेही सुटलं नव्हतं.